पाठीमागे घेतलेलं नाव

जालना,
शनिवार

प्रिय सखे,
सप्रेम जय ख्रिस्त.

महिला मंडळानं तुला ‘ख्रिस्ती माणसाचं बोलणं’ या विषयावर वचन सांगायला लावलंय आणि काय सांगू म्हणून तू परवा विचारलंस. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखा हा विषय नाही. म्हणून सावकाश लिहिते.

आधी एक. शिव्याशापांपासून सुरुवात करू नकोस. शिवी देऊ नये हे ऐकून कुणाला काही लागत नाही. बायबलातल्या याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला दिलेले दाखले, घोड्याचा लगाम, तारवाचं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी, हे सगळ्यांना संडे स्कूलपासून पाठ आहे. माना हलतील, ‘आमेन’ होईल आणि चपला घालता घालता तेच बोलणं पुन्हा सुरू होईल. तू ‘प्रार्थनेच्या विषया’पासून सुरुवात कर.

तुला माहीत आहे मी काय म्हणतेय ते. आमच्याकडे एका मुलीची सोयरीक मोडली. संध्याकाळपर्यंत ती बातमी प्रार्थनेच्या ग्रुपवर आली, ‘या लेकरासाठी विशेष प्रार्थना करा’ म्हणून. खाली हात जोडलेली चित्रं. मग खासगीत फोन सुरू झाले: नेमकं काय झालं, मुलाकडच्यांना काय कळलं, मुलगी आधीपासूनच तशी होती का. त्या मुलीसाठी गुडघे किती जणींनी टेकले हे देव जाणे. पण तिचं नाव मात्र तिच्या पाठीमागे घरोघर फिरलं, तेही प्रार्थनेच्या पांघरुणाखाली. पुढचे कितीतरी रविवार ती चर्चला आली नाही. मला याचा फार त्रास होतो गं. चहाडी ती चहाडीच, पण चहाडीला देवाचं नाव दिलं की ती करणारीला पाप केल्यासारखंही वाटत नाही. तिचं मन उलट हलकं होतं.

प्रभू येशूनं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात क्रम घालून दिलाय. भाऊ चुकला तर आधी तू एकटी त्याच्याकडे जा. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे. तरीही नाही, तर मग मंडळीला सांग. आपण नेमकं उलटं करतो. आधी मंडळीला कळतं, मग एकदोघांत कुजबुज होते आणि ज्याच्याविषयी हे चाललंय त्याच्यापर्यंत कुणी जातच नाही. तुला वेळ कमी मिळाला तर बाकी सगळं सोड आणि हा एकच क्रम नीट समजावून सांग. एकेकीला विचार: ज्या माणसाविषयी काल बोललीस, त्याच्या दारात गेली होतीस का?

आणि ‘मी प्रार्थना करते’ हे वाक्य. आपल्या लोकांच्या तोंडी ते इतकं बसलंय की निरोप घेताना ‘येते’ म्हणावं तसं निघून जातं. पण तो दिलेला शब्द असतो. समोरची बाई रात्री अंथरुणावर पडून म्हणत असते, कुणीतरी माझ्यासाठी मागतंय. म्हणून म्हणते, शक्य असेल तर तिथल्या तिथे, फोनवरच, दोन वाक्यांची प्रार्थना करून मोकळं व्हावं. आणि तिच्या घरात पीठ नसेल तर आधी पीठ न्यावं. याकोबानंच लिहिलंय ना, उघड्या-उपाशी भावाला ‘सुखानं जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून काही न देता पाठवलं तर काय उपयोग? ‘प्रभूची इच्छा असेल तर येईन’ याचंही तेच. यायचं नसेल तर सरळ नाही म्हणावं. होय तर होय, नाही तर नाही, असं प्रभूनं सांगितलंय. नकार देताना त्याच्या इच्छेवर ढकलायचं कशाला?

आता तुझ्या चर्चच्या कमिटीचं. कापणीच्या सणाला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावाचा हिशेब तू मागितलास, पावत्या दाखवा म्हणालीस, तर ‘बाई, प्रेमानं बोला’ असं तुलाच ऐकवलं. तू गप्प बसलीस आणि घरी येऊन रडलीस. सखे, तू कठोर बोलली नव्हतीस. गोड बोलणं म्हणजे खरं न बोलणं असं वचनात कुठंही नाही. नाथान संदेष्टा दावीद राजाच्या राजवाड्यात गेला तेव्हा राजानं करवलेला उरीयाचा खून त्यानं झाकला नाही. गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगून त्यानं दावीदाकडूनच न्याय करवला आणि मग तोंडावर सांगितलं, तो मनुष्य तूच. चौकात बोभाटाही केला नाही आणि घाबरून परतलाही नाही. पुढच्या बैठकीत पावत्या पुन्हा माग. आवाज खाली ठेव, पण प्रश्न सोडू नकोस. आणि त्या खजिनदारांविषयी बाहेर अवाक्षर काढू नकोस, हिशेब हाती येईपर्यंत तर नाहीच.

दवाखान्यातल्या तुझ्या बाळंतपणाच्या वॉर्डाविषयीही बोल, अगदी न लाजता. बायकांना तेच जास्त पटेल. प्रसूतीच्या टेबलावर कळा देणाऱ्या बाईला काय काय ऐकावं लागतं हे तूच मला सांगितलंयस. ‘तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडायलीस’ हे वाक्य लिहितानाही अंगावर काटा येतो. सरकारनं २०१७ पासून ‘लक्ष्य’ कार्यक्रमात बाळंतिणीशी सन्मानानं वागा-बोला असं घातलं, त्याचं ट्रेनिंगही तुम्हाला झालं. पण आपल्याला तर ते कितीतरी आधी सांगितलेलं आहे. ज्या तोंडानं देवाची स्तुती करतो त्याच तोंडानं देवाच्या प्रतिमेचा माणूस शापतो, हे असं होऊ नये. तुझ्याकडे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या बाया येतात. कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाच्या वहीत ज्या बाईला स्वतःचं नावसुद्धा मिळालं नाही, तिला तू केसपेपर बघून नावानं हाक मारतेस, ‘माय, जरा दम धर’ म्हणतेस. त्या तुझ्या हाकेत मला तुझा विश्वास दिसतो. प्रभूनंही उंबरावर चढलेल्या जकातदार जक्कयाला नावानंच हाक मारली आणि कबरेपाशी रडणाऱ्या मग्दालीया मरीयेनं त्याला ओळखलं ते तिचं नाव त्याच्या तोंडून ऐकल्यावर.

आपल्याला हे विसरून चालणारच नाही. पाद्री नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात इथं जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली, तेव्हा तिथं आलेले बहुतेक लोक गावकुसाबाहेरचे होते. आपल्या पणज्यांना जातीवरून हाक मारत, तीही लांबून. माणूस म्हणून नाव घेतलं जाणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात चार पिढ्यांमागे कळलं, त्यांनी दुसऱ्याचं नाव चघळावं?

दुःखाच्या घरी काय बोलावं, हेही तू विचारलं होतंस. फार थोडं बोलावं. कर्जापायी नवरा गेलेल्या बाईला ‘देवाची इच्छा’ म्हणू नये. ती देवाची इच्छा होती हे आपल्याला कुणी सांगितलं? लेकरंबाळं, धनदौलत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते, एक शब्द न बोलता. तिथवर ते खरे मित्र होते. पुढे तोंड उघडून कारणं सांगायला लागले आणि देवाचा कोप ओढवून घेतला. भांडी घासावी, लेकरांना जेवू घालावं, जवळ बसावं.

शास्त्रपाठ याकोब ३ मधला १ ते १२ घे आणि मत्तय १८ मधला १५ ते १७. अर्ध्या तासाच्या वर जाऊ नकोस, बायकांना घरी जाऊन स्वयंपाक असतो. आणि वचन झाल्यावर ‘कुणाचे प्रार्थनेचे विषय?’ असं सगळ्यांसमोर विचारायची पद्धत असेल, तर या खेपेला आधी सांग: प्रत्येकीनं फक्त स्वतःचा विषय सांगायचा. काय होतं ते मला कळव. पावत्यांचंही कळव.

तुझीच,
जालन्याची मैत्रीण