खोकल्याचं बटन

मने,

काल फोन ठेवल्यावर झोप काय लागली नाही. आई म्हणाली झोपा की गुमान, पण डोक्यात तुझ्या रेडिओ स्टुडिओच्या कन्सोलवरचं, म्हणजे मिक्सरवरचं, आरजेला खोकला आला की माईक गप्प करायचं ते खोकल्याचं बटनच फिरत होतं, म्हणून चहाच्या आधी टाईप करत बसलोय. तू रडत होतीस म्हणून तेव्हा जास्त बोललो नाही.

तू सांगितलंस त्यावरून मला वाटतंय की तू त्या बटनाला माईकच्या चॅनलचं ऑफ दिलंस. वरवर बरोबरच दिसतंय, दाबलं की बंद, सोडलं की चालू. पण चॅनल ऑफ झाला की कन्सोलला वाटतं स्टुडिओत आता कुणी बोलत नाही, मग तो दाराबाहेरचा, माईक चालू आहे सांगणारा लाल दिवा विझवतो आणि स्टुडिओतले म्यूट केलेले स्पीकर परत सोडतो. इकडं आरजे बिचारा खोकतोय, स्पीकर दणक्यात सुरू, दिवा विझलेला बघून चहावाल्या पोऱ्यानं दार ढकललं आणि ह्यानं नेमकं तेव्हा बटन सोडलं. "सर चहा" ऑन एअर! रागावू नको, आई ऐकून हसली जरा.

आणि टेस्टिंगला का सापडलं नाही माहितीय? तेव्हा तुम्ही दोघं होता, दोन माईक उघडे. खोलीतला एक जरी माईक चालू असला तरी स्पीकर म्यूट राहतात, दिवा पण राहतो. आरजे एकटा बसला तेव्हाच भांडं फुटलं. म्हणून त्या बटनाला चॅनल ऑफ नको, कफ म्यूट असेल ते दे, नुसता आवाज कापणारं, दिव्याला हात न लावणारं. आणि मोमेंटरी ठेव, लॅच म्हणजे एकदा दाबलं की तसंच अडकून राहणारं नको, बोट उचललं की माईक परत आलाच पाहिजे. मग एकटी बसून, एकच माईक उघडून बघ.

लॅचचं माझं पण ऐक. बेळगावात एका स्टुडिओत मी टॉकबॅक, म्हणजे बाहेरून पाहुण्यांच्या हेडफोनात बोलायचं बटन, लॅच करून ठेवलं होतं, दाबून धरायचा कंटाळा, दुसरं काय. पाहुणे गोकाकचे, कानाला हेडफोन, बोलणं काय संपेना. मी ऑपरेटरला अर्धं मराठीत अर्धं कन्नडात म्हणतोय हा माणूस आवरणार कधी, तिकडची ती सुक्यामेव्याची वडी, करदंट खाऊन आलाय काय एवढा दम आणायला. टॉकबॅक चालूच! त्यांना दोन्ही भाषा येत होत्या, मधेच थांबून हसत म्हणाले, "आवरतो साहेब." ते मात्र सगळ्या श्रोत्यांनी ऐकलं.

आमच्या वेळी बटनाची वायर रिलेपर्यंत जायची, चुकलं तर परत सोल्डरिंग, म्हणून आधी चारदा विचार व्हायचा. तुमच्या बटनातून आवाज जातच नाही की, नुसता निरोप जातो, मिक्सिंग तिकडं रॅकमधल्या इंजिनात. म्हणून बटनातली लाईट दाबण्यावर लावू नको, इंजिनाकडून परत येणाऱ्या स्टेटसवर लाव. नाहीतर निरोप नेटवर्कच्या स्विचमधे कुठं अडकला तरी लाईट लागणार आणि आरजेला वाटणार झालं काम.

त्या दिव्यासाठी दुसऱ्या कंपनीचा बॉक्स घेतलाय म्हणालीस ना, एईएस67 आहे म्हणून चालेल असं कोण म्हणालं तुला? 2013 ला ते स्टँडर्ड आलं ते नेटवर्कवरून आवाज इकडून तिकडं नेण्यासाठी, बटन दाबल्याचा निरोप त्यात येत नाही. त्या बॉक्सला कन्सोलचा जीपीआयओ, म्हणजे बटनं-दिव्यांचे चालू-बंदचे निरोप, कळतो का ते आधी विचारून घे, नाहीतर सरळ कॉन्टॅक्ट क्लोजरची, म्हणजे दोन टोकं जुळली की दिवा लागेल अशी, वायरची जोडी ओढ, जुनं आहे पण चालतंय.

आणि दहा बटनं आहेत म्हणून दहाही भरायची असं नाही गं. चार भर, बाकी रिकामी असू देत. काही कन्सोलात शो प्रोफाईल, म्हणजे त्या त्या कार्यक्रमाचं साठवलेलं सेटिंग, बदललं की बटनांची कामं पण बदलतात, तेव्हा कफ सगळ्या प्रोफाईलमधे एकाच जागी ठेव, तिथं बोट न बघता जातं. हात लावायच्या आधी कॉन्फिगचा बॅकअप घे, पेनड्राईव्हवर पण.

शनिवारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं येणार असशील तर सांग, कुंदा आणून ठेवतो. तुझ्या त्या आरजेला पण दे डबाभर, आणि चहावाल्या पोऱ्याला पण.

बाबा