नोंदी उतरवून देणाऱ्या कमांड-लाइन साधनातील दोषाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : निर्यात साधनाने मराठी शीर्षकांच्या नोंदी एकमेकींवर लिहून नष्ट केल्याबाबत व सेवा बंद करण्याची मुदत वाढवून मिळण्याबाबत.

महोदय,

मी गेली नऊ वर्षे आपल्या टिपणसेवेची वर्गणीदार आहे. पेशाने मी मुद्रितशोधक असून, वाचताना-ऐकताना भेटलेल्या मराठी शब्दांची अर्थ, लिंग आणि वापराचे वाक्य यांसह एकेक नोंद आपल्या सेवेत ठेवत आले आहे. आज अशा ४,३१६ नोंदी माझ्या खात्यात आहेत. येत्या ३१ मार्चला सेवा बंद होणार असल्याचे कळवून, तत्पूर्वी सर्वांनी आपापल्या नोंदी कंपनीने दिलेल्या कमांड-लाइन साधनाने (टर्मिनल या खिडकीत आज्ञा टंकून चालवायच्या प्रोग्रामने) उतरवून घ्याव्यात, असे आपण सुचवले होते. त्याप्रमाणे मी टर्मिनलवर ती कमांड चालवली. सहा-सात मिनिटांनी पडद्यावर ‘४,३१६ नोंदी निर्यात झाल्या’ असा संदेश उमटला, एकही चूक दाखवली गेली नाही आणि एक्झिट कोडही, म्हणजे काम संपल्यावर साधन देते तो निकालाचा आकडाही, ‘चूक नाही’ असे सांगणारा शून्यच आला. सवयीने मी फोल्डरमधल्या फाइली मोजल्या, तेव्हा त्या २,८७० भरल्या.

बाकीच्या १,४४६ नोंदींचे काय झाले, हे शोधताना मला ‘कळ’ नावाची फाइल दिसली. उघडली, तर आत ‘मासे धरणारा, भिंतीच्या कोपऱ्यात जाळे विणणाराही’ असा मजकूर होता, म्हणजे ती नोंद ‘कोळी’ या शब्दाची होती. माझ्या खात्यात कळ, कळा, कळी, काळ, काळा, काळी, केळ, केळी आणि कोळी अशा नऊ स्वतंत्र नोंदी आहेत. आपले साधन फाइलीला नाव देताना शीर्षकातले काना, मात्रा, वेलांटी आणि उकार गाळून टाकते, त्यामुळे हे नऊही शब्द ‘कळ’ होतात. आणि त्या नावाची फाइल आधीपासून आहे का, हे न पाहता साधन पुढची नोंद तिच्यावरच लिहिते. अकारविल्हे शेवटी येणारा कोळी तेवढा वाचला. त्याच न्यायाने माळ, माळा, माळी आणि मुळा गेले, ‘मळ’ या नावाखाली मोळी उरली. वेलांटी चुकली म्हणून आम्ही छापायला निघालेला फर्मा थांबवतो. येथे सगळ्याच वेलांट्या गेल्या आणि साधनाने काम फत्ते झाल्याचे कळवले.

आपल्या मदतकक्षाने मला ‘संगणकाची भाषा यूटीएफ-८ करून पाहा’ असे उत्तर दिले. यूटीएफ-८ म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची संकेतपद्धती; माझ्या संगणकावर ती आधीपासूनच आहे, आणि त्याच टर्मिनलवर, त्याच फोल्डरमध्ये मी ‘काळी’ नावाची फाइल हाताने तयार केली तेव्हा ती विनातक्रार झाली. नाव फार लांब झाले असावे, ही दुसरी शंकाही टिकत नाही. माझ्या संगणकावर फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे ‘कोळी’ अवघ्या बारा बाइटांत बसतो. माझ्या समजुतीने दोष नाव ‘स्वच्छ’ करणाऱ्या नियमात आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, क, ळ ही ‘अक्षर’ वर्गात येतात, तर काना-वेलांटी वेगळ्या ‘चिन्ह’ वर्गात. फक्त अक्षरे आणि अंक ठेवून बाकीचे काढा, असा नियम इंग्रजी शीर्षकांना बाधत नाही, मराठीला मात्र तो मुळापासून खातो.

याहून त्रासाची गोष्ट अशी, की शीर्षक फाइलीच्या आत कोठेही लिहिलेले नसते. त्यामुळे ज्या नोंदी वाचल्या, त्यांचाही मूळ शब्द मला अर्थावरून ओळखावा लागतो आहे. कोळी ओळखता आला. ‘वळ’ नावाच्या फाइलीत ‘पाहा : वरील नोंद’ एवढेच आहे, ती कोणाची हे मी सांगू शकत नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे, की फाइलीच्या नावात ही चिन्हे जशीच्या तशी ठेवावीत, नावाला नोंदीचा क्रमांक जोडावा, मूळ शीर्षक फाइलीच्या पहिल्या ओळीत यावे, आणि असलेल्या फाइलीवर लिहिण्याची वेळ आल्यास साधनाने थांबून तसे सांगावे. दुरुस्त साधन हाती येऊन मला संपूर्ण संच पडताळता येईपर्यंत, निदान त्यानंतर तीस दिवस, माझे खाते बंद करू नये व त्यातील काहीही पुसू नये. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, सशुल्क सेवेतील त्रुटी म्हणून मी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागेन.

कळावे,
आपली वर्गणीदार

सोबत : टर्मिनलवरील संदेशाचे छायाचित्र, खात्यातील शीर्षकांची यादी, उतरलेल्या २,८७० फाइलींच्या नावांची यादी.