शनिवारची पैठण सायकल नाइट राइड : येणाऱ्यांनी वाचूनच या

मंडळी, शनिवारी रात्री १०:३० वाजता संभाजीनगरच्या क्रांती चौकात जमायचं. ११ ला निघणार म्हणजे निघणारच, मागच्यासारखं कुणाच्या पंक्चरसाठी पाऊण तास थांबणार नाही. हवा, ब्रेक, चेन घरूनच बघून या.

जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन करत पैठण. वेग ताशी १५ च्या आसपास, शर्यत नाही. बिडकीनला चहा, पुढं थेट गोदाकाठ. नाथांच्या समाधीचं दर्शन उजाडल्यावर घेऊ, मग परत.

आता मुद्द्याचं. सध्या उसाचा सीझन आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागं लाल दिवा नसताना रस्त्यात उभे असतात. गेल्या वर्षी माझं चाक अशाच एका ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबलं. बाहेर आलेलं उसाचं वाढं हेल्मेटला घासलं तेव्हा कळलं की पुढं काहीतरी आहे. म्हणून पुढं पांढरा दिवा, मागं लाल दिवा, अंगात रिफ्लेक्टरचं जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट. यातलं एक जरी नसलं तरी चौकातूनच घरी पाठवणार, मग रुसू नका. मोबाईलचा टॉर्च हँडलला बांधणं म्हणजे दिवा नव्हे!

एकामागं एक चालायचं, कानात इअरफोन नको. जास्तीची ट्यूब, दोन बाटल्या पाणी, शेंगदाण्याची चिक्की जवळ ठेवा. नदीकाठी पहाटे चांगलंच गारठतं, कानटोपी आणाच. दुपारी दोन तास झोपून घ्या.

येणाऱ्यांनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नाव आणि घरच्यांचा एक नंबर टाका.