बारा फुटी होडीसाठी हात हवेत : सर्व सभासद व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार, वि. वि.

शेडमधल्या बारा फुटी होडीच्या कुजलेल्या बरगड्या काढून झाल्या आहेत. नव्या बसवायच्या आहेत, आणि आपले मिस्त्री या महिनाअखेरपर्यंतच मोकळे आहेत. नंतर ते मुलाकडे राहायला जाणार. लाकूड वाफेवर वाकवून होडीत बसवणारा दुसरा माणूस आज तरी आपल्या माहितीत नाही. तेव्हा जे व्हायचे ते आत्ताच व्हायला हवे.

ही होडी कोणती, हे जुन्या सभासदांना सांगायला नको. नव्यांसाठी सांगतो. जॉर्ज कॉकशॉट या हौशी आरेखकाने १९१३ साली काढलेला हा आराखडा. लांबी बारा फूट, एकच डोलकाठी, एकच शीड. बांधणी क्लिंकर पद्धतीची, म्हणजे प्रत्येक फळी खालच्या फळीवर थोडी चढलेली. दोन्ही फळ्यांतून तांब्याचा खिळा आरपार घालून आतल्या बाजूने तांब्याच्या चकतीवर फुलवलेला. हाच आराखडा १९२० आणि १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये शर्यतीला होता. आपली होडी अर्थातच ऑलिम्पिकची नाही, पण तिच्याच वंशातली आहे. तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, एकदा बाजूने पाहावी. त्या रेषेत आज शंभर वर्षांनंतरही कोणाला काही बदलावेसे वाटलेले नाही.

जुन्या लहान होड्यांना एवढे का जपायचे, असे काहीजण विचारतात. माझे उत्तर असे, की या होड्या साध्या माणसांसाठी निघाल्या. डब्लिनमध्ये १८८७ साली ‘वॉटर वॅग’ होड्यांची शर्यत सुरू झाली ती एका विचाराने : सगळ्यांच्या होड्या सारख्याच असाव्यात, म्हणजे पैसा नव्हे तर हाताचे कसब जिंकेल. त्या शर्यती आजही होतात. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये फ्लोरिडात मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ आखली ती प्लायवूडच्या दोन तक्त्यांत बसेल अशी. जगातले कितीतरी मोठे शिडकरी पहिल्यांदा त्या चौकोनी नाळेच्या होडीत बसले. आणि आपली लाडकी लाल शिडांची ‘मिरर’! जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांची ही होडी १९६३ मध्ये लोकांसमोर आली. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे, सांध्यांवर काचतंतूची पट्टी आणि राळ चढवायची, झाली होडी. लोकांनी ती घरच्या गॅरेजमध्ये बांधली. अशा ७०,००० हून अधिक झाल्या. सुतारकाम न शिकलेल्या माणसांनी जी बांधली, ती दुरुस्त करायला आपल्याला तज्ज्ञ कशाला हवेत? एक जाणता माणूस आणि बाकी हात, एवढेच पुरते.

आपण हे करून दाखवले आहे. ‘फायरफ्लाय’ आली तेव्हा तिच्या तळात पावसाचे पाणी साचून काळा चिखल झाला होता. उफा फॉक्स यांची ही १९४६ ची होडी. पातळ लाकडी थर साच्यावर चढवून उष्णता आणि दाबाखाली चिकटवण्याची विमानबांधणीतली रीत युद्धानंतर तिच्यासाठी वापरली गेली. १९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये वीस वर्षांच्या पॉल एल्व्हस्ट्रोम यांनी तिच्यातच पहिले सुवर्णपदक जिंकले. पुढे फिन होडीत आणखी तीन. अशा होडीचा तळ आपल्या सभासदांनी गुडघ्यांवर बसून खरवडला, कुजलेला भाग कापून थरावर थर नवे बसवले. आज ती पाण्यावर आहे. बाहेरून आलेले लोक विचारतात, कोणत्या कारखान्यात काम करून घेतले?

या कामात ज्यांनी दिले त्यांचे ऋण मानल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बारा फुटी होडी दिली ती काकूंनी. काका गेल्यावर गिऱ्हाईक आले होते, पण बागेत उलटी ठेवून वर फुले लावणार म्हटल्यावर काकूंनी त्याला परत पाठवले आणि आपल्याला निरोप धाडला. होडीबरोबर काकांची पटाशी, रंधे आणि त्यांच्या सुंदर अक्षरातली वही दिली. त्या वहीत कोणत्या वर्षी कोणती फळी बदलली हे सगळे आहे. निवृत्त गुरुजींनी मिररचे फाटके लाल शीड महिनाभर घरी ठेवून हाताने टाचले. उन्हाने कापडाआधी शिवण जाते हे त्यांनीच आम्हाला दाखवले. फिटरदादांनी सुकाणूच्या बिजागऱ्या कांशाच्या ओतून दिल्या आणि पैशाचे नाव काढू दिले नाही. जुने पितळी स्क्रू हातात घेऊन त्यांनी समजावले होते, ‘हे बघा, गुलाबी पडलेत. जस्त निघून गेलं, उरलं ते नुसतं तांब्याचं भुसकट.’ तेव्हापासून आपल्या शेडमध्ये पाण्याखाली पितळ लागत नाही. डॉक्टरसाहेबांनी दोन वर्षे वॉर्निशचा सगळा खर्च उचलला. आणि कॉलेजच्या त्या तीन मुली, ज्यांनी परीक्षा सांभाळून सबंध डोलकाठी पॉलिश पेपरने घासली, त्यांचे नाव कुठल्याच फलकावर नाही. ते लागायला हवे.

आता थोडे मनातले. मिरर पाण्यात सोडली त्या दिवशी काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांनी फोटो काढले, मुलांना बसवले, आम्हाला फार आनंद झाला. पुढच्या रविवारी शेडमध्ये नेहमीची चार माणसे होती. गेल्या वर्षीच्या पत्रकाला आलेली उत्तरे बोटांवर मोजण्याइतकी. ‘त्यापेक्षा फायबरची नवी घ्या, कटकट नाही,’ असेही ऐकले. फायबरची होडी वाईट नाही, आपल्या मुलांना शिकवायला ती हवीच. पण लाकडी होडीची एकेक फळी, एकेक बरगडी बदलता येते आणि ती पुढच्या पिढीला तशीच देता येते. ही सोय होडीतच आहे, ती वापरणारी माणसे मात्र कमी पडली. हे लिहिताना वाईट वाटते, तरी लिहिले पाहिजे.

घाई का, तेही सांगतो. क्लिंकर होडीच्या सांध्यांत काही भरलेले नसते. लाकूड पाण्याने फुगते आणि फट मिटते. होडी फार दिवस कोरडी राहिली की फळ्या आकसतात, चिरतात, आणि बरगड्या नसल्या तर आकारही सोडतात. आपली होडी सध्या लाकडी साच्यांवर तोलून धरली आहे. (कोणीही उत्साहाने फटींत कडक फिलर भरू नये, कळकळीची विनंती. लाकूड फुगले की जागा मिळत नाही, मग फळीच फुटते.) बरगडीची पट्टी वाफेच्या पेटीत ठेवायची, २५ मिलिमीटर जाडीला साधारण १ तास या हिशोबाने. बाहेर काढली की ती जेमतेम मिनिटभर नरम असते. तेवढ्यात धावत आणून होडीत दाबायची, पायाने रेटायची, क्लॅम्प लावायचे. एक जण पेटीपाशी, एक आणणारा, दोघे होडीत, दोघे बाहेर. चार माणसांत हे जमत नाही. मिस्त्रींच्या हातात कला आहे, पण हात दोनच आहेत.

काम येत्या रविवारपासून महिनाअखेरपर्यंत दर रविवारी, सकाळी ८ ते दुपारी १, शेडमध्येच. जुने कपडे, जाड हातमोजे आणावेत. मुले १२ वर्षांवरील, पालकांसह. वस्तुरूपाने हवे : सरळ रेषेचे अ‍ॅश किंवा ओक, ओलसर, भट्टीत न वाळवलेले, तांब्याचे खिळे व चकत्या, जवसाचे तेल, वॉर्निश, क्लॅम्प (उसनेही चालतील, नाव घालून द्यावेत), वाफेच्या पेटीला गुंडाळायला जुन्या घोंगड्या. देणगी कितीही चालेल, कोषाध्यक्षांकडे देऊन पावती घ्यावी. येणाऱ्यांनी शनिवार संध्याकाळपर्यंत कळवावे, म्हणजे पेटी किती वाजता पेटवायची ते ठरवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सचिव, कार्यकारी मंडळाच्या वतीने

ता. क. शेडमधले क्लॅम्प कोणी घरी नेले असल्यास या रविवारी कृपया परत आणावेत. एकूण एक लागणार आहे.