चेअरलिफ्टला कव्हर लावा, आणि ते सांभाळा पण

मा. संपादक,

जानेवारीत आईला घेऊन उत्तरेतल्या एका बर्फाच्या ठिकाणी गेलो होतो. उघड्या चेअरलिफ्टवर (तारेला लटकलेल्या खुर्च्यांवर बसून डोंगर चढायचा पाळणा) मधेच गारांचा मारा सुरू झाला, लिफ्ट थांबली आणि आई माझ्या शेजारी शाल घट्ट धरून कुडकुडत बसली, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. ऑस्ट्रियात कितीतरी चेअरलिफ्टला डोक्यावरून खाली ओढायचं पारदर्शक कव्हर असतं, आपल्याकडे पण ते यायलाच पाहिजे.

पण नुसतं बसवून भागत नाही हो. मी वाळूजला पॉलीकार्बोनेट, म्हणजे अशा कव्हरला चालणाऱ्या कडक पारदर्शक प्लास्टिकच्या शीटचं काम करतो. आपल्या उन्हात हलक्या प्रतीचं शीट चार-पाच वर्षात पिवळं पडतं, आणि डोंगरावर तर दर १००० मीटर उंचीला युव्ही (उन्हातले अतिनील किरण) १० टक्क्यांच्या आसपास वाढतं, वर ताजा बर्फ त्यातलं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे दोन्हीकडून मार. त्यामुळं युव्ही कोटिंगवालंच शीट घ्या. कोरड्या फडक्यानं तर अजिबात पुसू नका, बर्फासोबतची बारीक धूळ घासली की असे ओरखडे पडतात की समोरचं काही दिसत नाही. आधी पाणी मारायचं, मग साध्या साबणाचं पाणी आणि मऊ कापड. थिनर, अ‍ॅसिटोन लावलं की तडे गेलेच समजा. बिजागरीत बर्फ गोठला तर कव्हर जोर लावून ओढू नये, आणि वारा सुटला की कव्हर शिडासारखं वारा धरतं, तेव्हा लिफ्ट हळू करावी लागते.

टेंडर काढताना देखभालीचे पैसे वेगळे धरा, एवढी कळकळीची विनंती.

एक वाचक, छत्रपती संभाजीनगर