आजीसाठी औषधे पाठवण्यापूर्वी

पंचवटी, नाशिक

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

आजीला अल्झायमर हा स्मृती हरपण्याचा आजार असल्याने तिच्यासाठी ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ औषधे पाठवत असल्याचे तू कळवलेस. त्यामागची तुझी माया मला कळते, तरीही ती पाठवू नकोस.

आपल्यात जन्मतःच असलेल्या संरक्षणव्यवस्थेचे मेंदूतील काम प्रामुख्याने मायक्रोग्लिया नावाच्या पेशी करतात. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी 1919 मध्ये त्यांना वेगळे ओळखून हे नाव दिले. अल्झायमरमध्ये अमायलॉइड या प्रथिनाची पुटे साचू लागली की या पेशी भोवती गोळा होऊन ती गिळण्याचा आणि आवळून धरण्याचा प्रयत्न करतात. या पेशींना लागणाऱ्या ट्रेम2 या जनुकातील एका दुर्मीळ बदलामुळे आजाराचा धोका दुपटीहून अधिक वाढतो, हे 2012 च्या अखेरीस समोर आले. म्हणजे त्यांचे काम दुबळे पडणेही घातकच.

परंतु ही झुंज वर्षानुवर्षे चालली की त्याच पेशी दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहतात आणि शेजारच्या चेतापेशींना इजा होते. जंतूंवर खूण करणारी पूरक प्रथिने चेतापेशींमधील जोडांना चिकटतात आणि मायक्रोग्लिया ते जोडच गिळतात, असे 2016 मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. हे वाचले त्याच संध्याकाळी आजीने मला मामांच्या नावाने हाक मारली, आणि मी ओ दिली.

मग दाह दाबावा, असे तुला वाटेल. नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब ही दाह कमी करणारी औषधे देऊन ज्येष्ठांवर तशी चाचणी झाली होती. त्यातून आजार टळला नाही. जी शक्ती कधी राखते आणि कधी पोखरते, ती सरसकट वाढवणारे चूर्ण आजीला देण्यास माझे मन धजत नाही.

आपल्या हाती आहे ते शरीराच्या इतर भागांतील संसर्ग वेळीच ओळखणे, कारण त्याचा दाह मेंदूपर्यंत पोहोचतो. उन्हाळ्यात ती दोन दिवसांत एकाएकी फार गोंधळली, तेव्हा आजार बळावला असे समजून मी हताश झालो होतो. तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला आणि उपचारांनंतर ती बरीचशी पूर्ववत झाली. म्हणून तिचे पाणी, दात आणि ताप यांची मी रोज वहीत नोंद ठेवतो.

तुझ्याकडचा जुना अल्बम मात्र कुरिअरने पाठव. रामकुंडावरच्या त्या फोटोतली माणसे ती अजून नावानिशी ओळखते.

तुझा,
बाबा