सुरुंगाचा धक्का बोटाने कसा मोजता?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या गावाजवळ खडीच्या खदानी आहेत, दुपारी सुरुंग उडाला की मांडणीवरचे डबे वाजतात. भिंतींना तडे गेले म्हणून तक्रार केली तर साहेब आले, तड्यावर बोट फिरवलं आणि म्हणे काळी माती आहे हो, पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात आकसते, तडे जाणारच. अगदीच खोटं नाही ते, खान्देशात काळ्या मातीवर घर बांधलेल्या कुणालाही विचारा. पण तडा मातीचा की सुरुंगाचा, हे मोजल्याशिवाय ठरवलं कसं?

घराजवळची थरथर मोजायचं यंत्र असतं. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं 1997 चं सर्क्युलर पण आहे, कंप 8 हर्ट्झच्या (सेकंदाला 8 हेलकाव्यांच्या) खालचा असेल तर साध्या घरापाशी जमीन हलण्याचा वेग सेकंदाला 5 मिलिमीटरच्या वर जायला नको. ते यंत्र आणाच. पण सुरुंगाच्या भोकाजवळ बेसॉल्टमध्ये किती दाब झाला आणि दगड सोडून मातीत शिरताना त्यातला किती उरला, हे त्याला कळत नाही, त्यासाठी सेन्सर जमिनीतच पुरावा लागतो.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने सांगितलं की मॅंगनिन म्हणून धातू असतो, तांबं मॅंगनीज आणि थोडं निकेल, दाब वाढला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो पण गरमीने फारसा हलत नाही. 1946 चं नोबेल मिळालेल्या ब्रिजमनने तो दाब मोजायला शंभर वर्षांपूर्वीच वापरला. त्याचाच सेन्सर करून पुरायचा. दगडात काम त्यामानाने बरं, भोक पाडा, सेन्सर ठेवा, ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मसाल्याने) घट्ट भरा, वायर तुटायच्या आत काही मायक्रोसेकंदात रीडिंग घ्या. खरी गंमत मातीत आहे. सेन्सर मातीपेक्षा कडक असला तर आजूबाजूचा दाब स्वतःवर ओढून घेतो आणि आकडा जास्त येतो, मऊ असला तर दाब त्याला वळसा घालून जातो आणि आकडा कमी येतो, शिवाय खड्डा उकरून पुन्हा भरलेली माती पहिल्यासारखी दाबली गेली नाही तर सगळंच मुसळ केरात. म्हणजे दुसरीकडच्या वाळूत तपासलेला सेन्सर आमच्या काळ्या मातीत जसाच्या तसा चालेल असं नाही, तो इथेच तपासायला पाहिजे.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला दरवर्षी तीच रेषेवर चालणारी गाडी बनवतात (भाच्याने पण तीच बनवली). त्यापेक्षा हे सेन्सर तपासायचं काम घ्या ना. जागा आमच्या बांधावर देतो, फक्त कापूस निघाल्यावर या.

एक वाचक, धुळे तालुका